पहाटेचं शिंपणं आणि सड्यावरचा धूर

पत्राचा सारांश: रत्नागिरी जिल्ह्यातली, समुद्रापासून तीनेक किलोमीटर आतली एक वाडी. लिहिणाऱ्या ताई नोकरी करतात, यजमान मुंबईला. घरी ६८ वर्षांच्या सासूबाई, त्यांना दमा आहे, आणि चौथीतला मुलगा. घरामागे दहा-बारा गुंठ्यांचं परस: माड, पोफळी, दोन हापूस, चार काजू, एक रातांबा (कोकमाचं झाड), शिवाय लाल माठ, मुळा, काकडी, दुधी, पडवळ. फेब्रुवारी संपता संपता वरचा सडा (जांभ्याचं उघडं पठार) पेटतो आणि धूर चार-चार, आठ-आठ दिवस वाडीत बसून राहतो. सासूबाई तरीही पहाटे साडेपाचला शिंपायला बाहेर पडतात, कारण ‘सकाळची हवा शुद्ध असते’. दीर म्हणतात, राख पडलेली भाजी फेका, यंदा परस सोडून द्या आणि आईला मुंबईला आणा. शेजारी म्हणतात, धूर झाडांना चांगलाच, तुडतुडे पळतात. ताई विचारतात, ‘बाग सांभाळू की माणूस?’

ताई,

तुमच्या पत्रात तीन माणसं तीन ठाम गोष्टी सांगतायत आणि तिन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत. तुमचा शेवटचा प्रश्नही तसाच आहे. बाग आणि माणूस यांतलं एक निवडण्याची वेळ तुमच्यावर आलेली नाही. बदलायचं आहे ते घड्याळ, आणि अंगणातली एक सवय. त्या सवयीचा उल्लेख पत्रात नाही, पण कोकणातल्या बहुतेक घरांत ती असते, म्हणून तिच्याबद्दलही लिहितो.

आधी ‘सकाळची हवा शुद्ध’ याबद्दल. एरवी ते बरोबर आहे, वणव्याच्या दिवसांत नेमकं उलटं होतं. सूर्य मावळला की जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा डोंगराकडून समुद्राकडे हळूहळू वाहू लागतो. हे मतलई वारे. सड्यावरचा, घाटाच्या पायथ्याचा धूर ते उतारावरून खाली वाड्यांमध्ये आणतात. त्यातच रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं आणि धूर वर जाऊ शकत नाही. खोलगट वाडीत तो वाटीतल्या पाण्यासारखा साचतो. म्हणजे पहाटे चार ते आठ ही दिवसातली सगळ्यात वाईट वेळ, आणि सासूबाई नेमक्या तेव्हाच पाण्याच्या कळश्या उचलतात. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, मध्यम मेहनतीच्या कामाला तीच वीस-तीस लिटरवर जाते. धूर तोच, पण छातीत जाणारा वाटा तिप्पट-चौपट.

ऊन तापलं की साधारण दहा-अकराच्या पुढे खारे वारे सुरू होतात आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जोरात असतात. समुद्रावरून आलेली ती हवा धूर पूर्वेकडे, घाटाकडे ढकलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस पूर्वेचा गरम वारा इतका जोर धरतो की खारा वारा एक-दीड वाजेपर्यंत येतच नाही. अंगाची लाही होते ते हेच दिवस, आणि त्या दिवशी धूरही उशिरा हलतो. तेव्हा शिंपण्याची वेळ घड्याळावर न ठरवता माडाच्या शेंड्याकडे बघून ठरवा. झावळ्या पूर्वेकडे झुकू लागल्या की खारा वारा आला. त्यानंतर तासाभराने बाहेर पडा. साधारण चार ते सहा ही परसातल्या कामाची वेळ समजा. अंधार पडू लागला की आत.

याला एक अपवाद आहे. पेटलेला सडा तुमच्या घराच्या पश्चिमेला, म्हणजे घर आणि समुद्र यांच्या मध्ये असेल, तर हाच खारा वारा धूर तुमच्या ओटीवर आणून सोडेल. त्या दिवशी दुपारचं गणित लागू नाही, काम पुढे ढकलायचं.

हवा किती वाईट आहे हे मोबाईलवर बघायला हरकत नाही, पण जवळचं मोजणी केंद्र तुमच्या वाडीपासून बरंच लांब असू शकतं आणि तिथला आकडा तुमच्या दरीत बसलेल्या धुराबद्दल काहीच सांगत नाही. त्यापेक्षा ओटीवरून दिसणाऱ्या तीन खुणा ठरवा: एक शंभरेक मीटरवरचा माड, एक अर्ध्या किलोमीटरवरचं देऊळ किंवा शाळेचं छप्पर, आणि एक दूरची, सड्याची कड. कड पुसट झाली तर सासूबाई आणि मुलगा आत, तुम्ही मास्क लावून गरजेचं काम करा. देऊळही पुसट झालं तर कोणीच बाहेर जायचं नाही, रोपं सुकली तरी चालतील. पहाटेचं धुकं आणि धूर यांत गल्लत होते, म्हणून एवढं लक्षात ठेवा की धुकं पांढरं असतं, वासाचं नसतं आणि ऊन चढलं की विरतं. धुराला पिवळट-तपकिरी झाक असते, आणि त्यातून उगवलेला सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा दिसतो.

मास्कबद्दल थोडक्यात, पण नीट. पदराचा बोळा, ओला पंचा, साधा कापडी मास्क यांनी राखेचे कण अडतात, धूर अडत नाही. छातीला त्रास देणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कापडाच्या विणीचा अंदाज करा. एन-९५ हवा, दोन्ही पट्टे डोक्यामागे जाणारा, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. श्वास सोडताना चष्म्यावर वाफ आली तर कडेने हवा जाते आहे, पुन्हा बसवा. आपल्याकडच्या दमट हवेत तो घामाने तासा-दीड तासात ओला होतो. ओला झाला, पट्टे सैल झाले किंवा श्वास जड जाऊ लागला की बदला. धुऊन पुन्हा वापरू नका. मुलाच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा मास्क बसत नाही, त्याला बाहेर न सोडणं हाच उपाय. सासूबाईंना दमा असल्याने मास्क लावूनही कामाला पाठवू नका, मास्कमधून श्वास ओढायलाच त्यांना कष्ट पडतील. धुराच्या दिवसांसाठी इन्हेलरचं प्रमाण काय ठेवायचं हे त्यांच्या डॉक्टरांकडून फेब्रुवारीतच लिहून घ्या. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, इन्हेलर घेऊनही धाप थांबत नसेल, तर कशाची वाट न बघता १०८.

आता ती अंगणातली सवय. सकाळी अंगण झाडायचं, पातेरा एका कोपऱ्यात लोटायचा आणि काडी लावायची. आंब्याफणसाचा, काजूचा पातेरा दंवाने ओलसर असतो, त्यामुळे पेटत नाही, नुसता धुमसतो, आणि धुमसणाऱ्या आगीचा धूर भडकलेल्या आगीपेक्षा जास्त आणि वाईट. न्हाणीघराच्या चुलीत नारळाची सोडणं घातलेली असतात, त्यांचाही तोच प्रकार. वाडीतल्या वीस घरांनी सहा वाजता हे केलं की सड्यावरचा वणवा विझलेला असला तरी वाडीत धूर राहतोच. आपण मात्र सगळा दोष सड्याच्या पदरात टाकतो. आठ दिवस पातेरा न जाळता बघा. तुमच्या अंगणातल्या धुराचा केवढा भाग घरचाच होता हे तुम्हालाच कळेल.

पातेऱ्याचं करायचं काय? धुराच्या दिवसांत काहीच नाही. पाणी शिंपडून, न झाडता, दाताळ्याने ओढून घरापासून लांब ढीग करा आणि वर माती लोटा. नंतर कंबरभर उंचीचं जाळीचं किंवा बांबूचं गोल कुंपण करून त्यात वीतभर पातेरा, त्यावर शेणकाला, त्यावर दोन टोपल्या माती असे थर द्या. मुठीत दाबलं तर ओल लागावी, पण पाणी गळू नये, इतपत भिजवत राहा. आंब्याचं पान चिवट असतं, त्याला आठ-दहा महिने लागतात. दोन महिन्यांत खत होईल अशी अपेक्षा ठेवली तर तिसऱ्या महिन्यात पुन्हा काडी लागते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सोडणं माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून दीड-दोन मीटरवर चर खणून पुरा. खोलगट बाजू वर ठेवली की त्यात पाणी धरून राहतं आणि उन्हाळ्यात माडाला ते उपयोगी पडतं.

इथे एक पेच आहे. उन्हाळ्यात आळ्यांवर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, असं सगळेच सांगतात आणि ते योग्यच आहे. पण वणव्याच्या तोंडावर असलेल्या घराशेजारी कोरड्या पाल्याचा थर म्हणजे उडत्या ठिणगीला अंथरलेली गादी. तेव्हा घराभोवतीच्या तीन-चार मीटरमध्ये कोरडं आच्छादन नको. तिथे गिरीपुष्पाचा हिरवा पाला किंवा कुजलेलं खत घाला. त्यापलीकडच्या आळ्यांत कोरडा पाला चालेल, पण वर मातीचा पातळ थर देऊन. आणि कौलांवर पडलेल्या झावळ्या, पन्हळीतला कचरा, भिंतीला टेकवलेला लाकूडफाटा, पोफळीच्या विऱ्यांचा भारा, हे सगळं फेब्रुवारीच्या आत हलवा.

आता झाडं. धुराने झाडं मरतील ही भीती फारशी खरी नाही. दोन-चार दिवसांच्या धुराने ऊन मंद होतं, पानांवर राख बसते, वाढ जराशी थबकते, एवढंच. भर उन्हाळ्यात माडाला आणि पोफळीला चार-पाच दिवसांनी भरपूर पाणी मिळालं तर पुरतं, रोज लागत नाही. काजूला आणि मोठ्या रातांब्याला तर काहीच नको. घाई फक्त कुंड्या, नवी रोपं आणि वेलवर्गीय भाज्यांना. कमी वेळ असेल तेव्हा पाण्याचा क्रम हाच ठेवा: कुंड्या, रोपं, काकडी-दुधी, पालेभाजी, मग पोफळी, शेवटी माड.

हापूसचं थोडं वेगळं आहे. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की फळं वाटाणा, गोटी आणि अंड्याच्या आकाराची असताना झाडाच्या विस्ताराप्रमाणे १५० ते २०० लिटर पाणी, १५ दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा द्यावं, आणि काढणीच्या महिनाभर आधी बंद करावं. म्हणजे इथेही रोजचं काम नाही, पंधरवड्यातला धूर नसलेला एक दिवस पुरतो. अंड्याएवढ्या फळांना २५ बाय २० सेंटिमीटरच्या कागदी पिशव्या घालायलाही विद्यापीठ सांगतं. तुमची दोनच झाडं आहेत, हाताला येणाऱ्या फांद्यांवर तरी घाला. फळमाशीपासून वाचवता वाचवता राखेपासूनही वाचतील.

शेजाऱ्यांचं ‘धुराने तुडतुडे जातात’ हेही तपासून घेऊ. झाडाखाली मुद्दाम धुरी करण्याची पद्धत जुनी आहे. फिलिपिन्समध्ये तर आंब्याला मोहोर यावा म्हणून झाडाखाली दिवसच्या दिवस धूर करत. धुरात इथिलीन वायू असतो, त्याचा तो परिणाम. पण त्यांना धुरातून मोहोर हवा होता, तुमच्या झाडावर आता फळं आहेत, आणि इथिलीन हा फळं पिकवणारा आणि गाळणाराही वायू आहे. धुराने तुडतुडा तेवढ्यापुरता उठून शेजारच्या झाडावर बसतो आणि धूर ओसरला की परततो. दम्याचं माणूस घरात असताना एवढ्यासाठी धुराचं स्वागत करणं परवडणारं नाही.

राख धुवायची का? पानांची श्वास घेणारी छिद्रं बहुतेक खालच्या बाजूला असतात, राख बसते वरच्या. म्हणून नुसती धूसर झाक आली की नळी घेऊन धावू नका. बोट फिरवल्यावर स्पष्ट रेघ उमटली तरच धुवा, तीही दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे अंधार पडायच्या आत पानं कोरडी होतात. रात्रभर ओली राहिलेली काकडीची पानं केवडा रोगाला आमंत्रण देतात. धार बारीक ठेवा, फुलांवर मारू नका. आणि विहिरीचं पाणी आधी चाखून बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होतात. ते पाणी मुळाशी एक वेळ चालेल, पण पानांवर मारलंत तर कडा करपतील आणि तुम्ही दोष धुराला द्याल.

जमिनीवर पडलेल्या राखेची काळजी नको. आपली जांभ्याची माती आंबट, राख अल्कधर्मी, पातळ थर मिसळून गेला तर बरंच आहे. चौरस मीटरला मूठ-दोन मुठींपेक्षा जास्त साचली असेल तर पाणी शिंपडून खरवडून काढा. युरिया आणि राख एकत्र पडू देऊ नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. धुराच्या दिवसांत कोणतीही फवारणीही नको: राखेवर औषध धरत नाही, आणि धुरासाठी लावलेला एन-९५ औषधाची वाफ अडवत नाही.

‘राख पडलेली भाजी फेका’ या दिरांच्या म्हणण्यात तथ्य केव्हा आहे ते सांगतो. जळलं ते काय, यावर सगळं अवलंबून आहे. गवत, करवंदीच्या जाळ्या, झुडपं जळाली असतील तर भाजी धुऊन खायला हरकत नाही. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात मोठ्या वणव्यानंतर घरगुती बागांतल्या भाज्या तपासल्या गेल्या, तेव्हाही धुतलेल्या भाजीतून धोका कमीच दिसला होता. पण प्लास्टिकचा कचरा, ताडपत्री, रंगवलेली लाकडं, टायर किंवा एखादा मांगर सामानासकट जळून त्याची काळी, तेलकट काजळी बसली असेल, तर पालेभाजी खरंच टाका. दुधी-काकडी धुऊन, साल काढून घ्या.

धुण्याची पद्धत मात्र बदला. भाजी भिजवून, पाणी वरून ओतून टाकलं की तळाशी बसलेली राख पुन्हा पानांवरच येते. आधी जुडी बाहेर झटका, मोठ्या पातेल्यात बुडवा, हाताने हलवा, मग पानं दोन्ही ओंजळींनी वर उचलून दुसऱ्या पातेल्यात टाका. पहिल्या पातेल्याच्या तळाला करडा गाळ दिसेल. तिसऱ्या पाण्यात तळ स्वच्छ दिसला की झालं. माठाच्या पानांना तीन पाणी लागतातच. मुळ्याच्या पाल्यालाही.

हाच न्याय वाळवणाला. कुरडया-फेण्या, आंबापोळी, आमसुलं, सगळं नेमकं याच दिवसांत बाहेर पडतं. वरून जुनं लुगडं ताणलं की राखेचे पापुद्रे अडतात, धुराचा वास अडत नाही, आणि तांदळाच्या फेणीत तो तळल्यावर जास्तच येतो. आगळात बुडवून वाळवलेली आमसुलं चिकट असतात, त्यांच्यावर बसलेला कण निघतच नाही. धुराचा दिवस असेल तर वाळवण घालूच नका. अर्धवट वाळलेलं असेल तर माळ्यावर, पंख्याखाली.

फुलांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण वेलांवर फळ धरत नाही अशी तक्रार एप्रिलमध्ये येतेच. दाट धुरात मधमाश्या कमी फिरतात, त्यामुळे काकडीची छोटी फळं पिवळी पडून गळतात. पाणी कमी पडलं असं समजून लोक पाणी वाढवत राहतात. खरं तर परागकण पोचलेले नसतात. मादी फुलाच्या मागे बोटभर फळाचा आकार असतो, नर फुलाला नुसता देठ. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच दोन-तीनदा फिरवायचा. काकडी सकाळी फुलते, तिला साडेनऊपर्यंत, मास्क लावून तुम्ही हात द्या. दुधीचं पांढरं फूल मात्र संध्याकाळी उमलतं.

आणि इथे सासूबाई येतात. त्यांचं पहाटेचं शिंपणं हा हट्ट आहे असं पत्रातून जाणवतं. मला तसं वाटत नाही. पहाटे पाणी दिलं की ते उन्हाने उडत नाही, विहिरीला रात्रभरात पाणी आलेलं असतं, विजेचा दाब बरा असतो, आणि घर उठायच्या आत आपलं काम झालेलं असतं. इतक्या वर्षांच्या सवयीला एवढी कारणं आहेत. ‘आई, तुम्ही बाहेर जाऊ नका’ म्हणून हे सुटणार नाही, कारण त्यात त्यांचं काम जातं आणि हातात काही येत नाही. त्यांना संध्याकाळी साडेपाच-सहाला दुधीच्या मांडवाखाली खुर्ची टाकून द्या. कोणतं फूल नर, कोणतं मादी, कोणाला हात लावून झाला, मादी फुलाला दोरा बांधणं, हे काम बसून होतं, त्याला नजर लागते आणि त्या वेळी खारा वारा अजून चालू असतो. डॉक्टरांना विचारून आणि तिन्ही खुणा स्वच्छ दिसत असतील तेव्हाच. पाण्याचा क्रम त्यांनीच सांगावा, पाईप मुलाच्या किंवा तुमच्या हातात.

पहाटेच्या शिंपण्याची गरजच कमी करायची असेल तर दोन उपाय. पहिला स्वस्त: वेलांच्या मुळाशी पाच लिटरचं बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर करवंटी. पाझरत राहतं, दोन-तीन दिवसांनी भरावं लागतं. रंग दिलेलं मडकं पाझरत नाही, ते घेऊ नका. दुसरा: २०० ते ५०० लिटरचा पिंप दीड मीटर उंच चिऱ्याच्या चौथऱ्यावर ठेवून १६ मिलिमीटरच्या नळीने ठिबक. इथे हमखास होणाऱ्या चुका ऐका. दाब-नियंत्रित ड्रिपर इतक्या कमी उंचीवर उघडतच नाहीत, साधे घ्या. त्यांच्यावर ताशी चार लिटर लिहिलेलं असतं ते दहा मीटर दाबाला. दीड मीटरवर ताशी दीडेक लिटरच मिळतं, त्यामुळे काकडीच्या वेलाला दोन तास सोडावं लागेल. एक नळी दहा-पंधरा मीटरपेक्षा लांब नेली तर शेवटची झाडं कोरडी राहतात. टायमर बसवणार असाल तर बॉल व्हॉल्व्हचा मागा, दुसऱ्या प्रकारातला बराचसा माल दाबाशिवाय चालत नाही. पिंपाला झाकण आणि तोंडाशी गाळणी हवीच. राख आणि शेवाळ मिळून आठ दिवसांत ड्रिपर बुजवतात.

रात्री घर बंद करायचं म्हटलं तर कौलारू घर बंद होत नाही, हे खरं. म्हणून सगळं घर सोडा, माळा असलेली किंवा स्लॅबची एकच खोली निवडा, दाराच्या फटीला ओलं फडकं लावा, तिथे सासूबाई आणि मुलगा झोपू देत. त्या खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल काही नाही, मच्छरदाणी लावा. हवा शुद्ध करणारं यंत्र घेणार असाल तर खोली मोजा: दहा बाय बारा फूट, दहा फूट उंच म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर डब्यावरचा ‘सीएडीआर’ (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) किमान १७० घनमीटर असायला हवा. ‘आयोनायझर’चं बटण असेल तर बंदच ठेवा.

सासूबाईंना मुंबईला न्यायचं? मुंबईची मार्चमधली हवा दम्याच्या माणसाला भेट म्हणून द्यावी अशी नाही. त्यापेक्षा अगदी समुद्रालगतच्या गावात कोणी नातेवाईक असतील तर सडा धुमसतो तेवढे चार-पाच दिवस तिकडे ठेवा. बॅग आधी भरून ठेवा, त्यात इन्हेलर आणि डॉक्टरांची चिठ्ठी. प्रत्यक्ष आगच वाडीकडे येताना दिसली तर परसाचं पाणी तिथेच टाकून माणसं, गुरं बाहेर काढा. वन विभागाचा १९२६ आणि आपत्कालीन ११२ हे दोन्ही क्रमांक फोनमध्ये हवेत.

भाजावळीबद्दल, म्हणजे भाताच्या रोपांसाठी कवळ (तोडलेल्या फांद्या-पाला) जाळून जमीन भाजण्याबद्दल, शेजाऱ्यांशी बोलताना एक सांभाळा. ‘दुपारी वारा असताना जाळा, म्हणजे धूर जाईल’ असं चुकूनही सुचवू नका, कवळातली एक ठिणगी खाऱ्या वाऱ्यात सड्यावर गेली की वणवाच. वारा पडलेला असताना जाळणं त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे. तुम्ही फक्त आदल्या दिवशी निरोप मागा आणि शक्य तर सगळ्यांची भाजावळ दोन-तीन ठरावीक दिवसांत उरकायला सांगा.

आणि सड्याच्या कडेची जाळरेषा. परसाच्या गडग्याबाहेर सपाटीवर किमान तीन मीटर, घर चढावर असेल तर खालच्या बाजूला त्याच्या दुप्पट पट्टा गवत कापून मोकळा हवा, कारण आग चढावर धावते. हे काम फेब्रुवारीत सुचतं तेव्हा गवत वाळून कुरकुरीत झालेलं असतं. ते डिसेंबरात, थोडा हिरवेपणा असतानाच कापायला हवं, आणि कापलेलं तिथेच न टाकता उचलायला हवं. त्यासाठी माणसं लागतात, आणि वाडीत माणसं असतात ती गणपतीत. आरतीनंतर सगळे बसलेले असतील तेव्हा वर्गणी, ग्रास कटर कोणाचा आणि डिसेंबरातला कोणता रविवार, एवढं तेव्हाच ठरवून घ्या.